थांबा म्हणायचा हक्क

सूर्यबाई हे नाव तिला सासूबाईंनी ठेवलं. लग्न नवं होतं तेव्हा तिने एकदा हौसेने आपलं काम त्यांना समजावून सांगितलं होतं. मोहरीएवढी पोकळ गोळी घ्यायची, तिच्या आत हायड्रोजन गोठवायचा आणि मग सगळ्या बाजूंनी एकदम लेसरचे झोत सोडायचे. गोळी आतल्या आत इतकी दाबली जाते की अणूंचे गाभे एकमेकांत मिसळतात आणि सूर्याच्या पोटात जे जळतं ते इथे निमिषभर जळतं. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, पण मग घरी किती वाजता येतेस?" तेव्हापासून फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला. "काय सूर्यबाई, पेटला का तुमचा सूर्य?"

सूर्य काही पेटत नव्हता. पीएचडी झाली, मग एका गावी दोन वर्षांचा करार, मग दुसऱ्या गावी, मग तिसऱ्या. संशोधन करणाऱ्या माणसाला गाव नसतं, मुदत असते, असं ती हसत सांगायची. हल्ली ते हसणं कमी झालं होतं. नवरा शाळेत गणित शिकवायचा. दर गावात नवी शाळा शोधायची, पुन्हा नवखा मास्तर व्हायचं आणि पुन्हा अपूर्णांकांपासून सुरुवात करायची, हे त्याने इतकी वर्षं तोंडातून अवाक्षर न काढता केलं होतं. स्वयंपाकघराच्या माळ्यावर एक खोका होता. त्यावर "काचेचं, जपून" असं लिहिलेलं. तो पहिल्या घरी बांधला होता आणि त्यानंतर कुठल्याच घरी उघडला नव्हता. आत काय आहे हे त्यांच्या मुलीला तर सोडाच, नवऱ्यालाही आता आठवत नव्हतं.

या वर्षी नणंदेने आपल्या गावी भावासाठी नोकरी बघून ठेवली होती. नोकरी पक्की, वर राहायला घर. नवऱ्याने आग्रह केला नाही. भांडी पुसता पुसता नुसतं विचारलं, "या वेळी काय करायचं?"

"माझा हा एक शॉट होऊ दे," ती म्हणाली. "जमला तर इथली कायमची जागा मिळेल. नाही जमला तर तो खोका तसाच उचलू. मी पुन्हा करार मागणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

शॉट, म्हणजे गोळीवर एकदा लेसर डागायची पाळी, एकच मिळणार होता, आणि तो द्यायचा की नाही हे सरांच्या हातात होतं. तिने पीएचडी सरांच्याच हाताखाली केली होती. गोळी दाबायची कशी याबद्दल सरांचं मत सगळ्या जगाला ठाऊक होतं: लेसरचा पहिला दणका जोरात हवा. हळू सुरुवात केली तर गोळी सगळीकडून सारखी दाबली जात नाही, सुरकुतते आणि फाटते. सूर्यबाईचं म्हणणं नेमकं उलटं. पहिलाच दणका जोरात दिला की आतलं इंधन आधीच तापतं, आणि तापलेलं इंधन दाबायला जावं तर ते दाद देत नाही. म्हणून आधी हलक्या हाताने सुरुवात करायची आणि जोर शेवटी लावायचा. तिने हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा सरांनी एका लेखात लिहिलं की ही कल्पना कागदावर सुंदर आहे. सरांच्या तोंडी सुंदर म्हणजे शिवी होती. तेव्हापासून गुरुशिष्यांमधून विस्तव जात नव्हता. परिषदांमध्ये एक या टोकाला बसायचा, एक त्या टोकाला, आणि बिचारे संयोजक मधल्या खुर्च्या कुणाला द्यायच्या या विवंचनेत.

आता सर निवृत्त झाले होते. पण कुणाला शॉट द्यायचा, कुणाला जागा द्यायची हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच. लेसर लवकरच दुरुस्तीसाठी बंद व्हायचा होता आणि तो पुन्हा सुरू होण्याच्या कितीतरी आधी तिचा करार संपत होता. तरीही समितीने तिला एक शॉट दिला. बैठकीत सर म्हणे एवढंच म्हणाले, "होऊन जाऊ दे, एकदाचा निकाल लागेल." तिला हे कळलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती हरणार याची त्यांना इतकी खात्री होती की त्यांनी खुशाल परवानगी देऊन टाकली होती.

शॉटच्या दिवशी ती सकाळी कंट्रोल रूममध्ये पोचली तेव्हा मामा आधीच आपल्या जागेवर होते. मामा कुणाचेच मामा नव्हते. उलटी गिनती तेच मोजायचे आणि प्रत्येक शॉटच्या आधी प्रत्येक गटाला "तयार?" असं तेच विचारायचे, म्हणून ते सगळ्यांचे मामा. खोलीला खिडकी नव्हती. यंत्रं तापू नयेत म्हणून गारठा इतका ठेवलेला की बारा महिने लोक स्वेटर घालून बसायचे. भिंतीभर पडदे, त्यांवर आकडे.

या खोलीचा एक नियम होता. गिनती चालू असताना आत असलेला कुणीही "थांबा" म्हणू शकत असे, अगदी पाहुणासुद्धा. तो शब्द आला की सगळं थांबायचं आणि शॉट होईपर्यंत "का" असं त्याला कुणीही विचारायचं नाही. फार पूर्वी एका नव्या माणसाने गिनती थांबवली होती आणि मोठ्या लोकांनी त्याच्याकडून कारण काढता काढता त्याला रडकुंडीला आणलं होतं. पुढच्या वेळी तोच माणूस मूग गिळून बसला आणि एक भलं मोठं भिंग फुटलं. नियम तेव्हाचा. थांबल्यावर सगळं पहिल्यापासून तपासायचं. चूक सापडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा शॉट. नाही सापडली तर पाळी गेली, पुढच्या गटाने आत यायचं. म्हणून थांबा हा शब्द तिथे फारसा कुणी काढत नसे.

सर शेवटच्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले होते. येताना प्रत्येक खुर्चीच्या पाठीला हात लावत, सावकाश, एखाद्या राजाने सैन्याची पाहणी करावी तसे आले. हल्ली म्हणे लेखही दुसऱ्याकडून वाचून घेतात. बडेजाव, दुसरं काय, तिच्या मनात आलं. बसल्यावरही ते पडद्यांकडे बघेनात. खोलीतल्या माणसांकडे बघत राहिले, त्यातही जास्त तिच्याकडे. निकाल आधीच ठाऊक असलेल्या माणसाला आकड्यांचं काय कौतुक असणार?

गोळीतलं बर्फ रात्रभर हळूहळू जमवलं होतं आणि ते देखणं जमलं होतं, आतून बाहेरून काचेसारखं गुळगुळीत. आता शेवटचं गार करणं सुरू झालं. इथून पुढे बर्फ जेमतेम काही मिनिटं टिकणार, मग तडे जाणार. तड्यांची गोळी डागून उपयोग नाही.

तेवढ्यात तिला तो आकडा दिसला.

तिची खुर्ची मधोमध होती. एका हाताला झोतांच्या आरशांचे आकडे, दुसऱ्या हाताला गोळी धरणाऱ्या दांड्याचे. आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीत झोत जिथे एकत्र येतात ती जागा आणि गोळीचा मध्य यांत केसाच्या जाडीइतका फरक निघाला होता. तो दुरुस्त करायचं ठरलं होतं, आणि दांड्याचा आकडा बदललेला होता, म्हणजे गोळी सरकवली होती. ते ठीक. पण आरशांचा आकडाही बदललेला होता.

इथली रीत अशी की ज्याला फरक दिसेल त्याने तो दुरुस्त करायचा. गोळीवाल्यांना तो संध्याकाळी दिसला असेल. सकाळच्या पाळीला आलेल्या झोतवाल्यांनीही तोच तालमीचा फोटो बघितला असेल. दोघांनी शहाण्यासारखं एकच काम दोनदा केलं असेल तर गोळी आता मध्यावर नव्हती. ती दुसऱ्या बाजूला तेवढीच सरकलेली होती. झोत एका अंगाला जोरात बसतील, गोळी चेपेल, फाटेल, आणि जग म्हणेल की हलक्या हाताची कल्पना सुरकुतली. सर म्हणत होते तसंच.

की तसं काही नव्हतंच? झोतवाले रोज सकाळी आकडे मोजायचं आपलं शून्य नव्याने ठरवायचे, त्यामुळे आकडा बदलला म्हणजे चूकच असं नव्हे. खात्री करायला वेळ लागणार होता. तोवर बर्फ जाणार, आणि चूक निघाली नाही तर पाळीही जाणार. मनगटावरचं घड्याळ काढून तिने समोर टेबलावर ठेवलं होतं, कधी ठेवलं ते तिलाही कळलं नाही. दोन्ही पडदे हिरवे होते. दोन्हीवर "दुरुस्ती केली" असं स्वच्छ लिहिलेलं. इतकी माणसं, इतकी वर्षांची तयारी, आणि हातातोंडाशी आलेला घास आपणच एका शंकेपायी खाली ठेवायचा?

"झोत?" मामांनी विचारलं.

"तयार."

"गोळी?"

"तयार."

"मोजमाप?"

"तयार."

"प्रयोग?"

प्रयोग म्हणजे ती. मामांनी मान वळवून बघितलं. तिने घड्याळ उचललं, मनगटावर परत बांधलं आणि म्हणाली, "तयार."

गिनती सुरू झाली. मामांचा आवाज नेहमीसारखाच कंटाळलेला. दहाच्या खाली आले तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

"थांबा."

आवाज मागून आला. सगळ्यांनी वळून बघितलं. सर उभे होते, समोरच्या खुर्चीची पाठ धरून.

मामांचा हात बटणावर गेला आणि गिनती थांबली. कुणी विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच. पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट लिहिलेली होती आणि सूर्यबाईच्या मनात ती ओरडत होती. म्हाताऱ्याने डाव साधला. हरेन या भीतीने शेवटच्या क्षणी पट उधळला, आणि वर नियमाआड सुरक्षित. तिला रडू आलं नाही, संताप आला. पडद्यावर गोळीच्या चित्रात पहिला तडा गेला, मग दुसरा. रात्रभराचं काम तिच्या डोळ्यांदेखत भेगाळलं.

तपासणी सुरू झाली. मामा एकेका गटाला उठवत, एकेक नोंद मोठ्याने वाचून घेत. झोतवाल्यांची तपासणी झाली: आरसे जिथे हवेत तिथे, दुरुस्ती केलेली. बरोबर. गोळीवाल्यांची झाली: दांडा जिथे हवा तिथे, दुरुस्ती केलेली. बरोबर. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबरच होतं. पुढच्या गटाची प्रमुख कॉफीचा कप घेऊन दारात येऊन उभीही राहिली होती. तिचा तरी काय दोष, पाळी तिच्याकडेच चालली होती.

"म्हणजे काही सापडत नाही," मामा म्हणाले. त्यांना ते म्हणायला जड जात होतं. "मग नियमाप्रमाणे..."

बोलली तर आपल्याला आधीच दिसलं होतं हे सगळ्यांना कळणार. नाही बोलली तर पाळी जाणार आणि सर द्वेषाने वागले असं सगळे म्हणणार, आणि ती ते म्हणू देणार. क्षणभर, तिला पुढे कित्येक वर्षं लाज वाटावी असा एक क्षण, हे दुसरं तिला गोड वाटलं.

"मामा," ती म्हणाली. "दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. आरशांचे आणि दांड्याचे."

मामांनी ठेवले. झोतवाला आणि गोळीवाला दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"तू पण हलवलंस?" झोतवाल्याने विचारलं.

"संध्याकाळीच. तू कशाला हलवलंस?"

"फोटोत दिसलं म्हणून."

कुणीतरी हसलं, कारण अशा वेळी कुणीतरी हसतंच. मामा हसले नाहीत. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "तुला हे कधी दिसलं?"

"गिनतीच्या आधी."

"आणि तू तयार म्हणालीस?"

"म्हणाले."

मामांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. त्यांनी दारातल्या बाईंना हाताने जायला सांगितलं आणि उद्याची वेळ फळ्यावर लिहिली. सूर्यबाईला वाटलं, याच्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिने मागे वळून बघितलं तर सरांची खुर्ची रिकामी होती. मागच्या रांगेतून, इतक्या लांबून, त्यांना दोन्ही पडद्यांवरचं एकदम दिसलं आणि कळलं. तिला जवळून दिसलं तरी ती गप्प बसली होती. दुपारभर तिला जेवण गेलं नाही.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वह्या तपासत होता, त्याने मान वर केली.

"पण शेवटी बोललीस ना?"

"त्यांनी थांबवल्यावर. त्यांनी थांबवलं नसतं तर मी ते उडवून दिलं असतं. माझंच काम, माझ्याच हाताने. आणि जन्मभर म्हणत राहिले असते की सरांचं खरं होतं."

"उद्या पुन्हा आहे ना?"

"आहे."

"मग जेव आता," तो म्हणाला. याला कशाचंच काही कसं वाटत नाही, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिला त्याच्या हातातला लाल पेन दिसला. तो मघापासून टोपण न काढता वहीवर फिरवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच खोली, तोच गारठा. बर्फ कालच्याइतकं देखणं नव्हतं, एका बाजूला किंचित जाड होतं, पण चालण्यासारखं. दांडा मूळ जागी नेला होता, आरसे दुरुस्त केलेल्या जागी ठेवले होते आणि मामांनी दोन्ही गटांना एका पडद्यासमोर उभं करून तीनतीनदा वदवून घेतलं होतं. सर शेवटच्या रांगेत येऊन बसले.

"प्रयोग?"

"तयार," ती म्हणाली आणि या वेळी डोळे उघडे ठेवले.

कुणी थांबा म्हणालं नाही. भिंतींतून एक दबका धक्का आला, शेजारच्या खोलीत कुणी जड कपाट पाडल्यासारखा. बस, एवढंच. आयुष्य ज्यासाठी वेचायचं त्याचा आवाज एवढाच असतो. मग सगळे मोजमापाच्या पडद्याकडे वळले. गोळीतून किती न्यूट्रॉन बाहेर पडले याच्यावर सगळं ठरणार होतं. पडद्यावर बराच वेळ नुसती रेघ होती. 

आकडा आला. तिने सांगितलं होतं त्याहून थोडा कमी. सरांनी सांगितलं होतं त्याच्या कितीतरी पट जास्त. गोळी सुरकुतली नव्हती. झोतवाल्याने गोळीवाल्याला मिठी मारली, आणि काल रात्री ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते असं ऐकण्यात होतं.

"किती?" मागून सरांनी विचारलं.

मामांनी आकडा मोठ्याने वाचला. "परत वाचा," सर म्हणाले. मामांनी परत वाचला.

"म्हणजे मी चुकलो," सर म्हणाले. कुणाला तरी बाहेर पाऊस आहे का ते सांगावं इतक्या साध्या आवाजात. मग उठले आणि खुर्च्यांच्या पाठींना हात लावत बाहेर गेले.

ती त्यांच्या मागे धावली. व्हरांड्याच्या टोकाला, जिन्याच्या वर, ते कठडा धरून उभे होते. शॉट झाला होता, आता विचारायला मुभा होती.

"सर, ते दोन आकडे तुम्हाला इतक्या लांबून कसे दिसले?"

"कुठले आकडे?"

"आरशांचे आणि दांड्याचे. काल."

"मला तिथलं काही दिसत नाही," सर म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनला घाबरतो मी, तू कुणाला सांगू नकोस. पडद्यांवर मला नुसता हिरवा धूर दिसतो. माणसं तेवढी दिसतात, त्यांची हालचाल."

तिला काही समजेना. "मग थांबा का म्हणालात?"

"तू घड्याळ काढलंस."

तिचा हात आपोआप मनगटाकडे गेला.

"पीएचडीच्या वेळी माझ्यासमोर बसून गणितं करायचीस," सर म्हणाले. "कुठे काही चुकलं असलं की आधी घड्याळ काढून टेबलावर ठेवायचीस. चूक सापडेपर्यंत परत बांधायची नाहीस. तुला माहीत नसेल, पण पुढे पुढे मी स्वतःची गणितं तपासणं सोडून दिलं होतं. तुझ्यापुढे ठेवायचो आणि मनगटाकडे बघत बसायचो. काल तू ते काढलंस, आणि काही न करता परत बांधलंस. असं मी कधी पाहिलं नव्हतं."

तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची काही गरज नव्हती, एवढं तरी तिला आता कळलं होतं. "तुम्ही गप्प बसला असता तर तुमचंच खरं ठरलं असतं, सर."

"ठरलं असतं की," सर म्हणाले. "आणि ते खोटं आहे हे मला मरेपर्यंत कळलं नसतं." मग म्हणाले, "समितीचं तुझ्या जागेचं पत्र आजच तयार करायला सांगतो. सही कुठे करायची ते मात्र कुणीतरी बोट ठेवून दाखवावं लागतं."

खालून कुणीतरी त्यांना हाक मारली. सरांनी एक पाय पुढे टाकला, पायरी चाचपली आणि पुन्हा मागे घेतला.

"इथे उजेड कमी आहे," ते म्हणाले.

उजेड चांगला लख्ख होता. सूर्यबाईने घड्याळाचा हात पुढे केला, सरांनी तो मनगटाशी धरला आणि दोघं एकेक पायरी करत खाली उतरायला लागले.